मँडरिनचे शब्द खेळातून शिकवायचे तर: आधी कान, मग पाय, मग तोंड

खेळ छान रंगतो, मुलं घामाघूम होतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘पाण्याला काय म्हणतात?’ असं विचारलं की वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. खेळ वाईट नसतो, क्रम चुकलेला असतो. शब्द कानात बसण्याआधीच मुलांना पळायला लावलं की ती पळण्यात तरबेज होतात आणि शब्द मागे राहतो. छंदवर्ग असो, खासगी क्लास असो की शनिवारी सकाळच्या शाळेतला एखादा तास, मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, शिकवायची पुढची पद्धत तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी आणि चाळीसपर्यंतच्या वर्गासाठी आहे. तास ३५ मिनिटांचा आणि वर्ग सोलापुरातला धरला आहे.

या लेखात शब्दापुढचा आकडा त्याचा सूर, म्हणजे टोन, दाखवतो. १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे खालून वर चढणारा, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे वरून धाडकन खाली येणारा. आकडा नसेल तो अवयव, म्हणजे शब्दाचा तुकडा, हलका, सूर न लावता म्हणायचा. नुक्त्याचा ‘च़’ म्हणजे चमच्यातला च, नुक्त्याचा ‘फ़’ म्हणजे खालचा ओठ दातांना लावून काढलेला फ.

तयारी १: शब्द निवडणे

एका तासाला नवे शब्द सहा, फार तर आठ. पंधरा घेतले तर पहिले चार आणि शेवटचे दोन उरतात, मधले वाहून जातात.

सगळे एकाच घरातले शब्द एकदम घेऊ नका. दहा रंग किंवा आठ फळं एकाच दिवशी शिकवली की मुलांना ‘हा कुठला तरी रंग आहे’ एवढं कळतं, पण कुठला ते कळत नाही. एक रंग, एक फळ, दोन क्रिया, दोन वस्तू असा मिसळलेला संच बरा. पहिल्या संचासाठी हा चालतो: ष्वेइ३ (पाणी), छा२ (चहा), माओ२चिन१ (टॉवेल), ह्वा१षंग१ (शेंगदाणे), फाओ३ (पळणे), थिंग२ (थांबणे). टॉवेल आणि शेंगा सोलापुरात कुणालाही घरून आणता येतात, आणि हातात खरी वस्तू असली की चित्र काढण्याचा व्याप वाचतो.

मुलं उत्साहाने चादरही आणतील. तिला सरसकट एकच शब्द चिकटवू नका. अंथरायची चादर छ्वांग२तान१, पांघरायचं जाड ब्लँकेट थान३च़, रुई भरलेली रजई पेइ४च़. कुठली चादर समोर आहे ते आधी ठरवा आणि एकच शब्द द्या.

सावध: फक्त सुराने वेगळे होणारे दोन शब्द, उदाहरणार्थ माइ३ (विकत घेणे) आणि माइ४ (विकणे), नव्याने एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्का झाल्यावर दुसरा द्या. जोडीचा खेळ त्यानंतर.

तयारी २: कार्डं आणि मैदान

ए-फोर कार्डशीटचे दोन तुकडे करा. एका तुकड्यावर चित्र, दुसऱ्यावर चिनी चिन्ह. चिन्ह किमान १० सेंटिमीटर उंच हवं, नाहीतर शेवटच्या बाकावरून दिसत नाही. हात बसलेला नसेल तर हाताने काढू नका, छापून घ्या. छापताना फॉन्ट सरलीकृत चिनीचा, म्हणजे चीनमध्ये चालणाऱ्या सोप्या केलेल्या चिन्हांचा, आहे ना ते बघा. संगणक कधीकधी आपणहून जपानी फॉन्ट लावतो आणि काही चिन्हांची वळणं बदलतात. मुलं तेच वळण गिरवतात, मग सुधारता सुधारत नाही.

चित्र आणि चिन्ह एकाच कार्डाच्या पाठपोट नको. मुलं कार्ड उलटून बघतात, आणि उन्हात धरलं तर पाठचं आरपार दिसतं.

कार्डावर देवनागरी उच्चार लिहू नका. या लेखात तो शिकवणाऱ्यासाठी आहे. मुलांसमोर तो आला की मुलं ऐकायचं सोडून वाचायला लागतात. पिनयिनचं, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीचं, तर याहून अवघड: बी अक्षर दिसलं की मूल ‘ब’ म्हणतं, पण तो उच्चार ‘प’कडे झुकणारा आहे. आपण सगळे बीजिंग म्हणतो, त्या शहराचं नाव तिथल्या तोंडी पेइ३चिंग१ असतं. पिनयिन दाखवायचं ते शब्द बोलता आल्यावरच.

इथे मराठीचा मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका. प-फ, त-थ, क-ख हा फरक मँडरिनमध्ये कळीचा आहे आणि आपल्या मुलांच्या कानाला तो ओळखीचा आहे. तरी काही मुलांचा महाप्राण, म्हणजे फ, थ, ख मधला हवेचा झोत, हलका पडतो. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी तोंडासमोर धरायला सांगा. फाओ३ म्हणताना पट्टी हलली पाहिजे, पा१ (आठ) म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. फाओ३ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात का तेही बघा. बरीच मुलं ‘फूल’मधला फ दातांवर काढतात. तसं केलं तर तो फ़ान४ (भात) मधला फ़ होतो.

मैदानावर खेळायचं तर चुन्याने, वर्गात खडूने रेघा आधीच मारून ठेवा. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात नऊच्या पुढे मैदान नको. व्हरांडा किंवा हॉल घ्या, आणि गुळगुळीत फरशीवर मोजे काढायला लावा.

टप्पा १: हाताने सूर (५ मिनिटं, कुणीही बोलायचं नाही)

शिक्षक शब्द म्हणतो, मुलं फक्त हात हलवतात.

पहिला सूर: हात कपाळाच्या उंचीवर, डावीकडून उजवीकडे सरळ.
दुसरा: छातीपासून खांद्याच्या वर.
तिसरा: कमरेच्या उंचीवर, खालीच सपाट.
चौथा: कपाळापासून कमरेपर्यंत फटकारा.

तिसऱ्या सुराला पुस्तकात खाली जाऊन वर येणारी खूण असते, म्हणून बरेच जण मुलांना झोका दिल्यासारखा हात करायला शिकवतात. शब्द सुटा, सावकाश म्हटला तर तो झोका असतो. बोलण्याच्या ओघात तिसरा सूर बहुधा खालीच राहतो. झोका शिकलेली मुलं पुढे दुसरा आणि तिसरा सूर एकमेकांत मिसळतात, आणि हा गोंधळ सगळ्यांत चिवट आहे. सुरुवातीपासून हात खाली सपाट ठेवा.

ओळखीसाठी मराठीतलाच आधार घ्या. आश्चर्याने विचारलेलं ‘काय?’ दुसऱ्या सुरासारखं चढतं, दटावून म्हटलेलं ‘नाही!’ चौथ्यासारखं पडतं. सरावाला एक नाव सोलापूरच्या मुलांना जवळचं आहे: चीनमध्ये वैद्यकीय सेवा केलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे ज्या नावाने ओळखले जातात ते ख१ ती४ह्वा२. तीन अवयव, तीन वेगळे सूर. वर, फटकारा, चढ.

तपासा: मुलांच्या मागे उभं राहून सहा शब्द म्हणा. समोर उभे असाल तर मुलं तुमच्या भुवया आणि मान वाचतात. मागून म्हटल्यावर वर्गातल्या तीन चतुर्थांश हातांची दिशा बरोबर असेल तरच पुढे जा. नसेल तर आज हाच टप्पा दोनदा करा, पळापळ उद्या.

टप्पा २: आज्ञेचा खेळ (७ मिनिटं, मुलं अजून गप्पच)

चान४ छी३लाइ: उभे राहा.
च़्वो४ श्या४: बसा.
फाइ१ षोउ३: टाळी वाजवा.
च्यू२ षोउ३: हात वर.
थिआओ४: उडी.
थिंग२: थांबा.

‘हात वर’ मधला पहिला शब्द मुळात तिसऱ्या सुराचा आहे. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला दुसऱ्या सुरात जातो, म्हणून तो म्हणायचाही तसाच. नी हाओ या नमस्कारातही हेच घडतं.

क्रम असा. पहिल्या दोन वेळा शिक्षक आज्ञा देतो आणि स्वतः करून दाखवतो. तिसऱ्यांदा फक्त आज्ञा, स्वतः हालचाल नाही. चौथ्यांदा आज्ञा एक आणि शिक्षकाची कृती वेगळी: तोंडाने ‘बसा’, आणि स्वतः उभं. जे ऐकतात ते बसतात, जे बघतात ते उभे राहतात. ही पायरी गाळणाऱ्यांना वर्षभर कळत नाही की वर्ग भाषा ऐकतच नव्हता, नुसती नक्कल करत होता.

सावध: ‘बसा, उभे राहा, बसा, उभे राहा’ असा ठरलेला क्रम लागला की मुलं पुढची आज्ञा ओळखून मोकळी होतात. आज्ञांची यादी कागदावर आधीच उलटसुलट लिहून हातात ठेवा. ऐनवेळी डोक्यातून काढलेला क्रम दर वेळी सारखाच निघतो.

टप्पा ३: तळ्यात-मळ्यात, सुरांच्या जोड्यांसाठी (८ मिनिटं)

सगळ्यांत कामाचा खेळ हाच. नियम मुलांना माहीत असतात, समजावण्यात वेळ जात नाही. रेघेच्या अलीकडे एक शब्द, पलीकडे दुसरा. शब्द ऐकायचा आणि त्या बाजूला उडी.

जोड्यांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे:

१. पेइ१च़ (कप) आणि पेइ४च़ (रजई). उंच आणि पडता, फरक लगेच कळतो.
२. थांग१ (सूप) आणि थांग२ (साखर).
३. माइ३ (विकत घेणे) आणि माइ४ (विकणे).
४. यू२ (मासा) आणि यू३ (पाऊस). दुसरा आणि तिसरा सूर. ही जोडी शेवटी. इथला ‘यू’ ओठांचा चंबू करून आत ‘ई’ म्हटल्यावर येतो, साधा ‘यू’ नव्हे.

एका तासाला एकच जोडी. दोन्ही बाजूंना चित्राचं कार्ड जमिनीवर ठेवा.

मूळ खेळात चुकलं की बाद. इथे बाद करू नका. बाद होतं ते मूल ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते, आणि उरलेला वेळ ते भिंतीला टेकून बाकीच्यांची मजा बघतं. प्रत्येकाला पाच चिंचोके द्या, चूक झाली की एक डब्यात टाकायचा. शेवटी कुणाकडे किती उरले ते तुम्हीही बघू शकता, वेगळी परीक्षा नको.

दुसरी अडचण नकलेची. शेजारचा उडाला की आपण उडायचं. यावर टाळी: शब्द म्हणा, मनात दोन मोजा, मग टाळी. उडी टाळीवरच. सगळे एकाच क्षणी उडाले तर बघून उडायला वाव राहत नाही. टाळीआधी हललेल्याचाही चिंचोका जातो. डोळे मिटून उडी मारायला लावू नका, कोपर आणि दात दोन्ही धोक्यात येतात.

बारा हाकांची यादी आधी लिहा. तिच्यात एकदा तरी तोच शब्द लागोपाठ तीनदा हवा. मुलं ‘आता बदलणारच’ म्हणून उडतात आणि पकडली जातात. तिथेच त्यांचे कान उघडतात.

तपासा: बारापैकी शेवटच्या सहा हाकांत बहुतेकांचे चिंचोके टिकले का? टिकले तर जोडी झाली. सुरुवातीच्या सहांत गेलेल्यांचा हिशेब धरू नका.

टप्पा ४: डोंगराला आग लागली, आकड्यांसाठी

‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ म्हणत मुलं गोल पळतात. शिक्षक आकडा म्हणतो, तेवढ्यांचा गट करून खाली बसायचं. गटाचा आकडा दोन ते सहा ठेवा. चाळीस मुलांत नऊचे गट करायला लावले की ओढाताण होते आणि चिनी ऐकायला कुणी शिल्लक राहत नाही. सात ते दहासाठी पळणं थांबवून हाताची खूण करायची. चीनमध्ये सहापासून पुढचे आकडे एका हाताने दाखवायची रीत आहे: सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, आठला अंगठा आणि तर्जनी. काही खुणा भागाभागात बदलतात. तुम्ही एक पद्धत धरा आणि तीच चालवा.

एक ते दहा असे: ई, अर, सान, स, ऊ, लिऊ, छी, पा, चिऊ, ष. सूर अनुक्रमे उंच, पडता, उंच, पडता, दबलेला, पडता, उंच, उंच, दबलेला, चढता. आकड्यांच्या बाबतीत फळ्यावर सुराचा आकडा लिहू नका. तीनच्या चित्रापुढे १ दिसला की मुलांचा विचका होतो. सुरासाठी आडवी, चढती, पडती रेघ काढा.

चार आणि दहा इथे घोळ घालतात. चारला जीभ दातांमागे आणि सूर पडता, दहाला जीभ मागे वळवून ‘षटकोन’मधला ष आणि सूर चढता. दोन्हीत ‘सी’ किंवा ‘शी’ नाही. ईकार आला म्हणजे मुलाने कुठेतरी पिनयिन वाचलंय.

सावध: आकडे पाढ्यांच्या चालीत म्हणू देऊ नका. बे एके बेची चाल आपल्या मुलांच्या हाडीमाशी असते, दहा शब्दांची रांग दिसली की ती आपोआप लागते आणि सगळे सूर त्या चालीत बुडतात. शिवाय मग मधला ‘सात’ विचारला की मूल एकपासून सुरुवात करतं. आकडे पहिल्या दिवसापासून तुटक आणि उलटसुलट.

टप्पा ५: रुमाल पळव, आता तोंड उघडायचं (८ मिनिटं)

इथपर्यंत ऐकलेलेच शब्द आता बोलायचे. नवा शब्द या खेळात कधीही आणू नका.

दोन रांगा समोरासमोर, प्रत्येकी आठ जण, मधलं अंतर दहा मीटर. मध्ये एका रुमालाऐवजी दोन नॅपकिन, एकमेकांपासून मीटरभर दूर. एकच रुमाल ठेवला की दोन डोकी एकमेकांवर आदळतात. बाकीची मुलं दोन्ही बाजूंना पंच म्हणून बसतात, पुढच्या फेरीला अदलाबदल.

१. शिक्षक चित्र दाखवतो आणि जोडीचा क्रमांक सांगतो.
२. दोघं पळतात, आपापला नॅपकिन उचलतात.
३. जो आधी उचलेल त्याला शब्द म्हणायचा पहिला हक्क. गुण नॅपकिनचा नाही, शब्दाचा.
४. सूर चुकला तर हक्क समोरच्याकडे.
५. पंच हाताने सूर दाखवून मान्य-अमान्य ठरवतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: ओरडून म्हटलेला शब्द बाद. ओरडताना आवाज आपोआप वर चढतो आणि तिथेच सपाट राहतो, म्हणजे प्रत्येक शब्द पहिल्या सुराचा होतो. धापा टाकत म्हटलेलाही नको. नॅपकिन उचलल्यावर एक श्वास, मग शब्द. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलं कुरकुर करतात, नियम सैल करू नका.

उलट दिशेची चूक लाजऱ्या मुलांची. उत्तराची खात्री नसली की आपण शेवट वर नेतो, जणू विचारतोय, ‘बरोबर ना?’ चौथ्या सुराचा शब्द त्याने दुसऱ्यात जातो. अशा मुलाला ‘चूक’ म्हणण्याआधी हाताने सूर करून मग म्हणायला सांगा. शब्द त्याला येत असतो.

टप्पा ६: माशी मार, चिन्हांसाठी (उरलेल्या वेळात, किंवा दुसऱ्या दिवशी)

फळ्यावर आठ चिन्हांचे दोन सारखे संच, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन मुलं वर्तमानपत्राची सुरळी घेऊन दोन पावलं मागे. शिक्षक शब्द म्हणतो, ते चिन्ह सुरळीने मारायचं. एकच संच लावून दोघांना सोडलं तर माशीऐवजी बोटं मरतात.

या खेळाचा दोष असा की दोघं खेळतात आणि अडतीस जण बघतात. म्हणून बसलेल्यांना काम द्या: मारल्यावर सगळ्या वर्गाने तो शब्द हलक्या आवाजात सुरासह म्हणायचा, मगच गुण.

संचात मुद्दाम दिसायला जवळची चिन्हं घ्या. ‘विकणे’ हे चिन्ह म्हणजे ‘विकत घेणे’च्या डोक्यावर दहाचं चिन्ह. दुकानदाराचं डोकं जड, एवढं सांगितलं तरी पुरतं. ‘माणूस’ आणि ‘आत जाणे’ ही दोन चिन्हंही अशीच फसवी आहेत, तिरकी रेघ कुणाची वर निघते एवढाच फरक. ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

नोंद आणि उजळणी

वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने: ऐकून कळतो, बोलता येतो, वाचता येतो. खूण वर्गासाठी, मुलागणिक नाही, नाहीतर वही भरण्यातच तास जाईल. उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि आठवड्याने, दर वेळी तीन मिनिटं. उजळणीला टप्पा ३ किंवा ५ चाच खेळ घ्या. रोज नवा खेळ काढला की मुलांचं लक्ष नियमांत अडकतं.

एखादा शब्द लागोपाठ दोन उजळण्यांत पडला तर तो जोरजोराने घोकून घेऊ नका. पुढच्या संचात नवा शब्द एक कमी करा आणि हा परत टप्पा १ पासून, हाताच्या खुणेसह, आत घ्या.